पशुवैद्याला विचारा : पोळ्याचा बैल आणि वायमेआचा घोडा

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझी लेक हवाईच्या मोठ्या बेटावर, वायमेआ गावी असते. जुलैत मी तिच्याकडे जाणार आहे. 4 जुलैच्या सुमारास तिथं रोडिओ, म्हणजे घोड्यावरून गुरं धरायच्या गुराख्यांच्या स्पर्धा, असतो, आई तू चलच, म्हणते. सारंगखेड्याचा घोडेबाजार लहानपणापासून पाहिलेल्या बाईनं तिथं काय नवीन पाहायचं? शिवाय जनावरांचे हाल होतात असं ऐकलंय.
– एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, जरूर जा. पुतण्याकडे गेलो होतो तेव्हा मी हा रोडिओ कठड्याला टेकून दिवसभर पाहिला आहे.

सारंगखेड्यात आपण घोड्याची चाल बघतो, भोवरे बघतो, त्याला नाचवतो. राबतो तो बैल, म्हणून पोळ्याला पुरणपोळी बैलाला. वायमेआत बैलाच्या जागी घोडा आहे. स्वार वासरावर फास टाकून खाली उडी मारतो, तेव्हा घोडा आपणहून मागे सरकत दोरी ताणून धरतो. पाठीवर कुणी नाही, लगाम कुणाच्या हातात नाही, तरी त्याचे कान त्या वासराकडे. चाळीस वर्षं जनावरांत काढली, पण त्या घोड्यांवरून माझी नजर हलेना.

या गुराख्यांना तिथं पानिओलो म्हणतात. 1793 साली इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरनं हवाईचा राजा कामेहामेहा याला गुरं भेट दिली. राजानं ती मारायला बंदी घातली. गुरं वाढली, रानटी झाली, लोकांची शेतं तुडवू लागली. मग 1830 च्या दशकात कॅलिफोर्नियातून, जे तेव्हा मेक्सिकोत होतं, तिथले गुराखी शिकवायला बोलावले. ते ‘एस्पान्योल’ बोलणारे. हवाईयन जिभेवर त्याचं झालं पानिओलो. अमेरिकेतल्या प्रसिद्ध काउबॉयांच्या कितीतरी आधी ही माणसं कच्च्या चामड्याचं चऱ्हाट वळून डोंगरउतारावर गुरं धरत होती. गावात इकुआ पर्डीचा पुतळा आहे, तिथं दोन मिनिटं थांबा. 1908 मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या शायेनच्या रोडिओला जाऊन, उसन्या घोड्यावर बसून या गड्यानं 56 सेकंदांत बैल धरून बांधला आणि जगज्जेता ठरला.

‘पोओ वाई उ’ नावाचा खेळ असला तर चुकवू नका. फास टाकलेलं जनावर दुबेळक्याच्या खांबापाशी आणून बांधतात. रानात पकडलेलं गुरू झाडाला बांधून ठेवायची जी जुनी रीत, तीच ही.

आता हालांबद्दल. धावत्या वासराला दोरीचा हिसका बसतो, तो क्षण मला बघवला नाही. मी तोंड फिरवलं, तुम्हीही फिरवा. लेकीला कारण सांगा. दोन स्वार मिळून मोठा खोंड धरतात, एक शिंगांत फास टाकतो, दुसरा मागच्या पायांत, तो प्रकार मात्र मी मनापासून पाहिला. शिंगांना दोरी काचू नये म्हणून चामडी पट्टा गुंडाळलेला असतो.

जमलं तर तिकीट जूनचंच काढा. 11 जूनच्या कामेहामेहा दिनाला त्याच बेटावर कोहालात मिरवणूक निघते. बायका घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसतात, अंगावर वारोवार लांब कापडाचा ‘पाऊ’. त्याला शिवण नाही. कुकुईच्या झाडाच्या बिया खोचून तो बसवतात. घोड्याच्या गळ्यातही फुलांच्या माळा. ते नेसणं पाहून मला माझ्या आजीचं नऊवारी आठवलं. तुम्हाला नेसता येत असेल तर त्या बायकांना नेसून दाखवा, त्या हरखतील.

वायमेआ उंचावर आहे, थंड वाऱ्याबरोबर बारीक पाऊस येतो. हवाई म्हणून सुती कपडेच नेऊ नका, स्वेटर घ्या. आणि खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा. तेव्हा पानिओलो खोगीर कसत असतात, पोरं घोड्यांना खरारा करत असतात. विचारून एखाद्या घोड्याच्या मानेवर हात ठेवा.