सोलापुरात आमच्या कॉलनीतर्फे पन्नास गरजू कुटुंबांना दिवाळीत शिधा वाटायचा आहे. किटमध्ये काय ठेवावं आणि वाटप कसं करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "प्रत्येकी दहा किलो गव्हाचं पीठ आणि पाच किलो तांदूळ धरलाय." ते वाचून उत्तर लिहायला घेतलं. इथली बहुतेक मंडळं हेच गणित धरतात आणि ते चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रेशनच्या अंत्योदय कार्डावर (सर्वांत गरीब घरांचं) घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरात २५ किलो गहू-तांदूळ येतोच. कमी पडतं ते डाळ, तेल, शेंगदाणे, तिखट, चहा-साखर आणि साबण. तिथे तुम्ही परत गहू-तांदूळच नेऊन टाकलात, की त्यातलं थोडं विकून बाई तेल आणते. मग मंडळातलंच कुणीतरी म्हणतं, "बघा, दिलेलं विकतात." घरात जे आधीच आहे तेच दिलं तर ती दुसरं काय करणार? पोतं मोठं दिसावं, फोटोत भरावं म्हणून पीठ घालायचं आणि डाळ अर्धा किलोवर आणायची, या हिशेबाला माझा कायम विरोध राहिला आहे.

पिठाबद्दल आणखी एक. ज्वारीचं दळलेलं पीठ लवकर कडू होतं, त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. गव्हाच्या पिठात पावसाळ्यात आळ्या होतात. धान्य द्यायचंच असेल तर अख्खं द्या आणि सोबत दळणाची सोय करा. वस्तीतल्या गिरणीवाल्याशी बोलून पाच किलोच्या दळणाच्या चिठ्ठ्या छापा, महिनाअखेर चिठ्ठ्या मोजून त्याचे पैसे द्या. दळणाला पैसे नाहीत म्हणून गहू डब्यात तसाच पडून राहतो, हे देणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही.

पाच माणसांना पंधरा दिवस पुरेल असं माझं किट: तूरडाळ २ किलो, मूगडाळ १, मटकी १, शेंगदाणे १, तेलाच्या एक लिटरच्या दोन पिशव्या, साखर २ किलो, मीठ १ किलो, चहा पावडर आणि लाल तिखट पाव-पाव किलो, हळद १०० ग्रॅम, मोहरी-जिरे ५०-५० ग्रॅम, अंगाचे दोन आणि कपड्याचे दोन साबण. सगळं मिळून अकरा किलोच्या आसपास भरतं, एकटी बाई उचलून नेऊ शकते. मूगडाळ मुद्दाम ठेवली आहे. बोअरच्या जड पाण्यात तूर शिजता शिजत नाही आणि गॅस जातो. मूग लवकर होते. शेंगदाणे असले की भाजी नसलेल्या दिवशी चटणी-भाकरीवर भागतं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत भात जास्त लागतो, गावाकडून आलेल्या घरांत ज्वारी. यादी करताना स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच विचारा, पुरुषाला नको.

खरेदीला पन्नास किटांसाठी तूरडाळ १०० किलो लागते, पण १०२ घ्या. चाळताना आणि मोजताना दीड-दोन किलो जातेच. भुसार माल मार्केट यार्डात घ्या, किराणा मधला मारुती भागातल्या बाजारात, आणि दोन दुकानांचे लेखी भाव घेतल्याशिवाय ठरवू नका. तेलाच्या खोक्यात बारा पिशव्या असतील तर नऊ खोकी घ्या, वरच्या आठ फुटलेल्यांच्या बदल्यात कामी येतात. बांधताना डाळी-साखर खाली, तेल वेगळ्या पिशवीत गाठ मारून उभं आणि सर्वांत वर. साबण चहाजवळ ठेवाल तर चहाला साबणाचा वास लागतो आणि ती पावडर फेकावी लागते. दर दहाव्या किटचं वजन करा. एकदम कमी भरलं तर समजा, किट भरणाऱ्यांपैकी कुणाकडून तरी एक वस्तू घालायची राहून गेली आहे.

लोकांकडून वस्तू गोळा करायच्या असतील तर "जे जमेल ते द्या" म्हणू नका. तांदूळ, बिस्किटं आणि फोडलेली पाकिटं येतात. एका इमारतीला फक्त तेल सांगा, दुसरीला फक्त डाळ. मुदत संपायला किमान तीन महिने असलेलं, सीलबंद पाकीटच घ्या.

यादी एकट्या नगरसेवकाकडून किंवा मंडळाकडून घेऊ नका. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकानदार, तिघांकडून नावं घ्या आणि दोन याद्यांत येणारं नाव आधी धरा. सगळ्यात जास्त अडचण असते ती भाड्याने राहणाऱ्या बिनकार्डाच्या कुटुंबांची, आणि ज्यांचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही त्या म्हाताऱ्यांची. वर म्हटलेलं धान्याचं गणित यांना लागू नाही. यांच्या किटमध्ये दहा किलो धान्य घालाच. शक्य असेल तर किटसोबत त्यांना अन्नधान्य वितरण कार्यालयातही घेऊन जा. कार्ड सुरू झालं तर धान्य दर महिन्याला येतं, तुमचं किट पंधरा दिवसांत संपतं.

वेळ संध्याकाळची ठेवा. विडी कामगार बायका सकाळी विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला कारखान्यात जातात, नंतर घरी वळत बसतात. रांगेत उभं केलंत तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शक्यतो घरपोच द्या, फोटो काढू नका. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर बिलं आणि सह्यांची वही दाखवा.

दिवाळीचा आग्रह का? तेव्हा सगळेच वाटतात. मेमध्ये शाळा बंद म्हणून मुलांचा पोषण आहार थांबतो, जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा खर्च येतो. मी तुमच्या जागी असते तर मे अखेर धरला असता.

पैशांबाबत: मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी काढा. नोंदणीकृत संस्थेमार्फत करत असाल तर देणगीदारांना आधीच सांगा की देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) वस्तूंवर मिळत नाही आणि दोन हजारांवरची रोख देणगीही त्यात बसत नाही, म्हणजे नंतर पावतीवरून वाद होत नाहीत.