नळी तांबं धरते: ‘कॉपर फाउलिंग’ आणि ‘ब्रेक-इन’ला मराठीत काय म्हणावं?

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी एक वाचक रायफलच्या निगेवरची छोटी पुस्तिका मराठीत करत आहेत. ते दोन ठिकाणी अडले. ‘कॉपर फाउलिंग’साठी, म्हणजे गोळीच्या कवचाचं तांबं नळीत चिकटून बसतं त्यासाठी, त्यांनी आधी ‘ताम्रदूषण’ लिहिलं, मग खोडून ‘तांबेरा’ केलं, आणि आता दोन्ही खटकतात. नव्या बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, ‘ब्रेक-इन’ला (ती पहिल्या काही गोळ्यांत वापराला तयार करण्याला) तर शब्दच मिळत नाही. शिवाय ‘प्रत्येक गोळी झाडल्यावर नळी झाडावी’ हे आपलंच वाक्य त्यांना विचित्र वाटतंय. ते का, असाही प्रश्न आहे.

आधी तांबेरा बाजूला ठेवू. शब्द देखणा आहे, पण तो शेतकऱ्याचा आहे. गव्हाच्या पानावर बुरशीमुळे तांबूस पूड येते, तो तांबेरा. त्यात तांब्याचा रंग आहे, तांबं नाही. आणि इथे तर खरंखुरं तांबं आहे. ‘ताम्रदूषण’ वाचताना नदीच्या पाण्याचा अहवाल वाचतोय असं वाटतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात चिंदी आणि समोर रायफल असताना त्याला हा शब्द काहीच दाखवत नाही.

तयार शब्द का सापडत नाही, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. बंदुकीच्या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. तोड्याची बंदूक, चापाची बंदूक, रंजक, गज, दस्ता, बत्ती हे सगळं आपल्याकडे आहे. आजही आपण ‘ठासून भरलंय’ म्हणतो, ‘फुसका बार’ म्हणतो. तोफेच्या बत्ती द्यायच्या भोकाला ‘कान’ म्हणत, म्हणून तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकत. पण या सगळ्या बंदुका काळ्या दारूच्या आणि शिशाच्या गोळीच्या. नळीत साचायची ती दारूची काजळी आणि थोडं शिसं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तांब्याचं कवच चढवलेली गोळी आली ती १८८० च्या दशकात, बिनधुराच्या दारूच्या आगेमागे: स्वित्झर्लंडमध्ये एदुआर्द रुबिनची गोळी, फ्रान्सची १८८६ ची लेबेल रायफल, ब्रिटिशांची १८८८ ची .३०३ रायफल. गोळीचा वेग वाढला तशी उघडी शिशाची गोळी नळीत टिकेना, म्हणून तिला कवच द्यावं लागलं. म्हणजे जुन्या कोशात हा शब्द नाही, कारण तेव्हा ही वस्तूच नव्हती.

पण कोशात नाही म्हणजे भाषेत नाही असं नव्हे. मला हा शब्द साताऱ्याकडच्या एका मामांकडे मिळाला. मामा फौजेतून निवृत्त झालेले, घरी परवान्याची .३१५ रायफल. एका सकाळी ओसरीवर ते ती साफ करत होते. आधी बोल्ट काढून रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, मग नळीच्या तोंडाशी उजेड तिरपा येईल अशी धरून मला जवळ बोलावलं. आत पिळासारखे चर फिरत गेलेले, आणि चरांच्या मधल्या उंचवट्यांवर तांबूस, चकचकीत पट्टे. मामा म्हणाले, “बघ, नळीनं तांबं धरलंय.”

हे क्रियापद मला फार आवडतं. भिंत ओल धरते, लोखंड गंज धरतं. बाहेरून एखादी गोष्ट येऊन हळूहळू चिकटते आणि अंगचीच होऊन बसते, तिथे मराठी ‘धरणे’ वापरते. नळीत हुबेहूब हेच होतं. त्यामुळे क्रियापद हवं असेल तिथे ‘नळी तांबं धरते’ असंच लिहा. नाम हवं असेल तर ‘तांब्याचं पुट’. पुट चढतं, एकावर एक चढतं, आणि उतरवावं लागतं. एकेक थर चढत जाणं हा या प्रकाराचा स्वभावच आहे, आणि तो त्या दोन अक्षरांत आला आहे.

पुस्तिकेत तीन वेगळ्या घाणींना तीन वेगळे शब्द ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दारू जळून जे काळं बसतं ती काजळी. तीच काजळी न पुसता तापत राहिली, कडक झाली, की ते किटण, तव्याच्या बुडाला असतं तसं. संस्कृत ‘किट्ट’ म्हणजे धातूचा मळ, त्यातून हा शब्द आला, आणि ‘ऐकून ऐकून कान किटले’ यातही तोच आहे. (तोफेलाही कान असतो म्हणून हा वाक्प्रचार तोफखान्यातून आला असं कुणी सांगितलं तर मानू नका. माणसाच्या कानातला मळ त्याला पुरेसा आहे.) तिसरं, तांब्याचं पुट. ‘गंज’ हा शब्द फक्त लोखंडाच्या गंजासाठी राखून ठेवा. हे भेद नुसते भाषेच्या हौसेचे नाहीत. काजळी साध्या सॉल्व्हंटने (मळ विरघळवणाऱ्या द्रवाने) सुटते, किटणाला ब्राँझचा ब्रश लागतो, तांब्याला अमोनियाचं सॉल्व्हंट लागतं, आणि गंज लागला तर नळीचं कायमचं नुकसान झालेलं असतं. सगळ्याला ‘मळ’ म्हटलं तर मुलगा चुकीची बाटली उचलेल.

आणखी एक खुलासा पुस्तिकेत हवा. मुलं जर १० मीटर एअर रायफल किंवा .२२ (०.२२ इंची नळीच्या) रायफलवर शिकत असतील, तर त्यांच्या नळीला तांबं लागण्याचा प्रश्न सहसा येतच नाही. एअर रायफलचा छर्रा शिशाचा, आणि .२२ ची स्पर्धेची गोळीही उघड्या शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात दिलेली. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेंनी कांस्यपदक आणलं, ते दोन्ही ५० मीटर रायफलमध्ये, म्हणजे .२२ वर. तिथे ‘शिशाचं पुट’ म्हणावं लागेल. तांबं येतं ते कवचवाल्या गोळीच्या मोठ्या रायफलींत. त्या कवचाचा धातू म्हणजे नव्वद-पंचाण्णव टक्के तांबं आणि बाकी जस्त.

मामांच्या ओसरीवर पुढे जे पाहिलं त्याने मला आणखी एक शब्द आठवला. त्यांनी सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंदी गजाला लावून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या, बाजूने आत घातली आणि तोंडाकडून बाहेर काढली. उलट बाजूने गज घातला तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो, म्हणून. पहिली चिंदी काळी आली. थोडा वेळ थांबून काढलेली दुसरी निळी, अगदी मोरचुदासारखी निळी. अमोनिया तांब्याला विरघळवतो तेव्हा हाच रंग येतो. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक राहिलं की ते ‘कळकतं’, आपल्या आजीला हे पक्कं माहीत होतं. आंबटाने तांबं सुटतं, अमोनियानेही सुटतं. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कापसाने फिरवतो, तो नवसागरही अमोनियाचाच क्षार. म्हणून ‘कळकणे’ हे क्रियापद पुटासाठी वापरू नका. ते तांबं चढण्याचं नाही, तांबं सुटण्याचं क्रियापद आहे. मात्र निळ्या चिंदीविषयी एक सूचना जरूर लिहा: गजाच्या टोकाचा, चिंदी धरणारा जॅग पितळेचा असेल तर त्याचंच तांबं सुटून चिंदी निळी येते, आणि नळी स्वच्छ असूनही माणूस घासत बसतो. जॅग नायलॉनचा घ्यावा.

‘चिंदी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुस्तिकेत तुम्ही ‘पॅच’ लिहिलं आहे, त्याची गरज नाही. एनसीसीत गेलेल्या प्रत्येकाला चिंदी माहीत आहे: साफ करायला चार बाय दोन इंचाची, तेल द्यायला चार बाय दीडची. ज्या दोरीने ती नळीतून ओढायची तिचं ‘पुल-थ्रू’ हे इंग्रजी नाव कॅडेटांच्या तोंडी ‘फुलथ्रू’ झालं, तेही तसंच ठेवा.

आता ‘ब्रेक-इन’. इथे शब्दाआधी प्रक्रिया समजून घ्यावी लागते. नळीतले चर आणि उंचवटे लांबीच्या दिशेने गुळगुळीत केलेले असतात. त्यानंतर काडतूस बसायचा चेंबर रीमरने कोरतात, आणि रीमर फिरतो आडवा. त्यामुळे गोळी नळीत शिरते त्या घशापाशी बारीक आडव्या रेषा राहतात, वर्कशॉपमध्ये ज्याला ‘बर’ म्हणतात ती खरखर. कवच तिच्यावर घासून सोलवटतं, तांबं तप्त वायूबरोबर पुढे जातं आणि नळीभर बसतं. म्हणून पहिल्या काही गोळ्या एकेक झाडून दर वेळी तांबं काढतात, म्हणजे पुढची गोळी तांब्यावरून न जाता थेट पोलादावरून जाते आणि खरखर झिजते. पुढे तीन-तीन, पाच-पाच गोळ्यांनी साफसफाई.

याला सगळ्यात जवळचं चित्र आपल्या जात्यात आहे. जात्याला टाकी लावली की पहिल्या पिठात कच येते, म्हणून आधी थोडं भरड दळून टाकून देतात. त्यावरून ‘नळीची कच काढणे’ हा शब्द माझ्या मनात बरेच दिवस होता. पण नेमबाजीत तो चालणार नाही. ‘कच खाल्ली’ म्हणजे ऐनवेळी धीर सुटला, आणि चाप ओढताना दचकणाऱ्या मुलाला प्रशिक्षक नेमकं हेच सांगत असतो. ‘नळी बसवणे’ही नको, कारण इंजिन ‘बसलं’ म्हणजे कामातून गेलं. ‘सरावणे’ माणसाचं, ‘माणसाळणे’ जनावराचं.

उरतो ‘रुळवणे’, आणि माझं मत त्यालाच. नवं कोल्हापुरी पायताण चावतं, मग रुळतं. वाट रुळते, शब्द जिभेवर रुळतो. वापरातूनच खरखर जाणं हा त्याचा गाभा आहे. ‘नवी नळी रुळवणे’ हे ऐकताक्षणी कळतं.

हा खटाटोप करावाच का, यावर जाणकारांत एकमत नाही, आणि ते पुस्तिकेत प्रामाणिकपणे यावं. नळ्या बनवणारे काही कारखाने ती पद्धत लिहून देतात. अमेरिकेतले नामवंत रायफल-कारागीर गेल मॅकमिलन यांचं म्हणणं उलट होतं: यात नळीचं आयुष्यच फुकट जातं. मला स्वतःला घशाच्या खरखरीचं कारण पटतं, पण त्यासाठी पन्नास गोळ्या खर्च करणं पटत नाही. एके-४७ सारख्या, आतून क्रोम चढवलेल्या नळीला तर हे सारं लागूच नाही.

राहिलं तुमचं वाक्य. मराठीत गोळीही झाडतात आणि घरही झाडतात, म्हणून ‘झाडल्यावर झाडावी’ कानाला अडतं, आणि घाईत वाचणारा दुसऱ्या ‘झाडावी’चा अर्थ गोळीबार असाही घेईल. शस्त्राच्या पुस्तिकेत एवढीही शंका उरू नये. झाडणे फक्त गोळीसाठी. नळी ब्रशने घासायची आणि चिंदीने पुसायची. तुमचा उतारा मी असा लिहीन:

“रायफल रिकामी असल्याची खात्री करा. नवी नळी रुळवताना पहिल्या पाच गोळ्या एकेक झाडा. प्रत्येक गोळीनंतर आधी काजळी पुसा, मग तांब्याचं पुट काढा. चिंदी निळी येणं थांबलं की नळी कोरडी करा आणि मगच पुढची गोळी भरा. काम संपल्यावर तेलाची चिंदी फिरवा, नाहीतर नळी गंज धरेल.”