जगाचा प्रादेशिक भूगोल : वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरं

प्रश्न : बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला भूगोल घेतला आहे. एका पुस्तकात अफगाणिस्तान दक्षिण आशियात आहे, दुसऱ्यात मध्य आशियात आणि वर्गात तो नैर्ऋत्य आशियात धरला जातो. परीक्षेत काय लिहायचं?
– एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : तिन्ही चालतील, पण कोणत्या निकषावर ते आधी सांगावं लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागणीत अफगाणिस्तान दक्षिण आशियात येतो. (तिथे इराणही दक्षिण आशियातच आहे, हे अनेकांना खटकतं.) २००७ पासून तो सार्कचा सदस्य आहे. म्हणजे संघटनांचा निकष लावला, तर प्रश्न मिटला.

आता नद्यांचा निकष लावून पाहा. हिंदुकुशच्या उत्तर उतारावरचं पाणी अमूदर्याच्या खोऱ्याकडे, म्हणजे मध्य आशियाकडे जातं. काबूल नदी पूर्वेला वाहत जाऊन अटकजवळ सिंधूला मिळते. अटकेपार झेंडे लावले, ते हेच अटक. हेल्मंद नदी नैर्ऋत्येला जाते आणि इराणच्या सीमेवरच्या सिस्तानच्या खोलगट भागात संपते, समुद्रापर्यंत पोचतच नाही. एकाच देशाचं पाणी तीन प्रदेशांकडे वाहतं, म्हणून पुस्तकांचंही एकमत होत नाही. भाषेचं चित्र काहीसं असंच आहे : उत्तरेला उझबेक आणि तुर्कमेन बोलणारे, तर पश्तूनांची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना.

उत्तराच्या पहिल्या दोन ओळींत निकष लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. पहिल्या परिच्छेदात सार्क आणि तिसऱ्यात एकदम जलप्रणाली आली, की परीक्षकाला उत्तर दोन पुस्तकांतून जोडल्याचं लगेच कळतं. सोबत हिंदुकुशची रेघ आणि तीन नद्यांचे बाण दाखवणारा अर्ध्या पानाचा आराखडा काढलात, तर मजकूर निम्मा लिहिला तरी चालेल.

प्रश्न : मी अमेरिकेत पदवीला आहे. या विषयात दर आठवड्याला नकाशाची छोटी परीक्षा असते. पुढच्या आठवड्यात संपूर्ण आफ्रिका आहे. नावं पाठ होतात, पण कोऱ्या नकाशावर हात थबकतो.
– एक विद्यार्थिनी, न्यू जर्सी

उत्तर : यादी पाठ केली की यादीच आठवते, जागा आठवत नाही. म्हणून नावांना शेवटी हात घाला.

कोऱ्या नकाशावर आधी चार रेघा मारा : विषुववृत्त, दोन्ही अयनवृत्तं आणि मूळ रेखावृत्त. विषुववृत्त मुख्य भूमीवरच्या सहा देशांतून जातं : गॅबन, काँगो, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, युगांडा, केनिया, सोमालिया. गंमत म्हणजे विषुववृत्तीय गिनी या देशाच्या जमिनीवरून ते जातच नाही. त्याची मुख्य भूमी उत्तरेला राहते आणि अन्नोबोन हे बेट दक्षिणेला. मूळ रेखावृत्त घानात अक्राच्या जवळून उतरतं. त्यानंतर नाईल, नायजर, काँगो आणि झांबेझी या नद्या काढा.

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश असे फोडा : ६ बेटं, १६ भूवेष्टित (समुद्रकिनारा नसलेले) आणि ३२ किनाऱ्याचे. किनारा सलग म्हणत चला. सेनेगलपासून निघालात, तर गांबिया, गिनी-बिसाऊ, गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया, कॅमेरून असा बारा देशांचा पट्टा एका दमात होतो. भूवेष्टित देशांचे गट पाडा. सहाराच्या दक्षिण काठाला माली, बुर्किना फासो, नायजर, चाड. त्यांच्या पूर्वेला आणि आग्नेयेला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, दक्षिण सुदान, इथिओपिया. सरोवरांच्या भागात युगांडा, रवांडा, बुरुंडी. खाली मलावी, झांबिया, झिंबाब्वे, बोट्सवाना. उरले दोन चिमुकले : एस्वातिनी आणि दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो.

चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. नायजर आणि नायजेरिया, माली आणि मलावी, झांबिया आणि गांबिया, तीन गिनी, दोन काँगो. काँगोंसाठी राजधान्या धरा : ब्राझाव्हिल आणि किन्शासा काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, ब्राझाव्हिल उत्तरेच्या काठावर. शब्दलेखन तिथल्या पेपरात लागतं त्या इंग्रजीतच गिरवा. मराठीतून पाठ केलेलं नाव ऐन वेळी उलटवताना अक्षरं चुकतात. रोज २० मिनिटं पुरतात : नकाशा न बघता भरा, चुकलेलं लाल पेनाने लिहा, दुसऱ्या दिवशी फक्त लाल नावं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळा नकाशा. जुना ॲटलास घरी असेल, तर आधी तपासून घ्या. दक्षिण सुदान जुलै २०११ मध्ये वेगळा झाला आणि स्वाझीलँडचं नाव २०१८ मध्ये एस्वातिनी झालं.

प्रश्न : चिलीचं उत्तर टोक वाळवंट आणि दक्षिण भाग पावसाळी. शेजारच्या अर्जेंटिनात दक्षिणेकडचा पॅटागोनिया कोरडा. ‘अँडीजमुळे’ असं लिहिलं, तर दहापैकी चार गुण मिळाले.
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : चारही बरे मिळाले! पर्वत दोन्हीकडे तोच आहे, वारा बदलतो. आणि तुमच्या उत्तरात वाराच नाही. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे : महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि घाट उतरून वाईला आलं, की हजाराच्याही आत. वारा पूर्वेकडून येत असता, तर हे चित्र उलटं झालं असतं. चिलीत नेमकं तेच होतं, कारण हा देश साधारण १७.५° ते ५६° दक्षिण अक्षांशांपर्यंत पसरला आहे आणि दोन वेगळ्या वाऱ्यांच्या पट्ट्यांत मोडतो.

उत्तरात तीन छेद (पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे आडवे काप) काढा. पहिला २०° दक्षिणेच्या आसपास. इथे उपोष्ण जास्त दाबाचा पट्टा आहे, हवा खाली उतरते. पूर्वेकडून येणाऱ्या हवेतलं बाष्प अँडीज अडवतो. त्यात किनाऱ्यालगत थंड पाण्याचा हंबोल्ट सागरी प्रवाह. त्याच्यावरची हवा गार आणि जड होते, वर चढत नाही, म्हणून धुकं मिळतं पण पाऊस नाही. या तिन्ही कारणांपैकी एक जरी गाळलंत, तरी इथलं अटाकामा वाळवंट इतकं कोरडं का, याचं उत्तर अपुरं राहतं. इथल्या आरिका शहराच्या पावसाची वार्षिक सरासरी १ मिलिमीटरपेक्षाही कमी आहे.

दुसरा छेद ३३° वर, सँतियागोजवळ. दाबपट्टे ऋतूनुसार सरकतात. त्यामुळे उन्हाळा कोरडा जातो आणि हिवाळ्यात पश्चिमी वारे पोचून सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस देतात, तोही बहुतेक मे ते ऑगस्टमध्ये. हे भूमध्य सागरी हवामान. दक्षिण गोलार्धातला हिवाळा आहे, हे विसरून ‘डिसेंबर-जानेवारीत पाऊस’ लिहिणारे दर वर्षी सापडतात.

तिसरा छेद ३९° ते ४०° च्या दरम्यान. इथे पश्चिमी वारे बारमाही. चिलीतल्या वाल्दिव्हियाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सुमारे ४५० किलोमीटरवर, अँडीजपलीकडे, अर्जेंटिनातल्या नेउकेनला अडीचशेही नाही. पॅटागोनियाची पर्जन्यछाया (डोंगराआडचा कोरडा पट्टा) इथून दक्षिणेकडे पसरत जाते.

प्रत्येक छेदावर वाऱ्याचा बाण आधी काढा, डोंगर नंतर.

प्रश्न : प्रकल्पासाठी भिंतीवरच्या नकाशावर आलेख कागद ठेवून क्षेत्रफळं मोजली. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं भरलं. काय चुकलं?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : मोजणी बरोबर असेल, नकाशा चुकीचा निवडलात. तो मर्केटर प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका रीतीचा) आहे. त्यात ६०° अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. ७०° वर क्षेत्रफळ साडेआठ पट. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट आहे. मर्केटर काढला दिशा धरून जहाज हाकण्यासाठी, चौकटी मोजण्यासाठी नव्हे. मॉलवाइडसारखा समक्षेत्र (क्षेत्रफळाचं प्रमाण खरं दाखवणारा) नकाशा घ्या. क्यूजीआयएस या मोफत संगणकप्रणालीत तो मिळतो. कोपऱ्यातली प्रमाणपट्टी वापरून अंतरही मोजलं असेल, तर तेही पुन्हा करा : मर्केटरवर तळाला छापलेली एकच पट्टी बहुधा विषुववृत्तापुरतीच खरी असते.