ब्लॉगचा पहिला वाचक तुमच्या फोनमध्येच आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑर्डरप्रमाणे लाकडी फर्निचर बनवून देण्याचा छोटा व्यवसाय आहे, वेबसाइटला ब्लॉग जोडला, सात-आठ लेख टाकले, पण कुणी फिरकत नाही. एक एजन्सी महिन्याला तीस लेख लिहून देते म्हणतेय. त्यांना काम द्यावं, की ब्लॉग बंदच करावा?

दोन्ही नको. छोट्या व्यावसायिकांच्या साइट्स सांभाळणं हाच माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. एजन्सीकडे नंतर येऊ, आधी तुमचे लेख बघू.

'लाकडी फर्निचरचे महत्त्व', 'घराच्या सजावटीत फर्निचरची भूमिका', 'गुणवत्ता हीच आमची ओळख' ही तुम्ही दिलेली शीर्षकं. आता खरं सांगा, लाकडी फर्निचरचं महत्त्व काय, असं विचारायला आजवर एका तरी गिऱ्हाइकानं फोन केलाय? ते विचारतात ते वेगळंच असतं. टेबलावर ओला ग्लास राहिला आणि पांढरं कडं उमटलं, ते जाईल का? ड्रॉवर मध्येच अडकायला लागलाय, लाकूड फुगलं की काय? व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) घ्यावं की भरीव लाकूड? आणि सगळ्यात जास्त वेळा, जरा चाचरत: एवढ्याशा कपाटाला एवढे पैसे कसे? तुमचे पुढचे लेख म्हणजे हेच प्रश्न. विषय सुचत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण ते रोज तुमच्या फोनवर येतायत.

व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि तुम्ही स्वतः गिऱ्हाइकांना पाठवलेले लांबलचक मेसेज शोधा. जिथे दहा ओळी टाइप केल्यात किंवा दोन मिनिटं बोलून व्हॉइस मेसेज पाठवलाय, तिथे अर्धा लेख तयार आहे. फोनवर आलेले प्रश्न मात्र वहीत टिपावे लागतील, आणि तेही गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. तुम्ही 'पृष्ठभागावरील आर्द्रतेचे डाग' असं शीर्षक द्याल, पण शोधणारा माणूस 'टेबलावर पाण्याचा पांढरा डाग' असंच टाइप करतो.

हाच डागाचा लेख घेऊ. नेहमीची सुरुवात अशी असते: 'फर्निचर हा घराचा आत्मा आहे. आपण सर्वच जण त्याची काळजी घेतो, परंतु कधी कधी नकळत...' इथवर येईपर्यंत वाचक निघून गेलेला असतो. त्याऐवजी असं लिहा: 'डाग पांढरा असेल तर ओलावा वरच्या पॉलिशच्या थरात अडकलाय, खालचं लाकूड बहुतेक शाबूत आहे. डाग काळपट असेल तर पाणी थर ओलांडून लाकडात शिरलंय, आणि मग सहसा पॉलिश काढल्याशिवाय इलाज नाही.' वाचकाला हवं ते दोन वाक्यांत मिळालं. त्यानंतर पांढऱ्या डागावर घरी काय करता येतं ते सांगा: सुती कापड मध्ये ठेवून, वाफ बंद करून, कोमट इस्त्री काही सेकंद फिरवायची, आणि आधी टेबलाच्या न दिसणाऱ्या बाजूला करून बघायची. मग काय करू नये ते. मग कारागिराला कधी बोलवावं ते. सोबत तुमच्या कार्यशाळेतल्या एखाद्या टेबलाचे आधीचे आणि नंतरचे फोटो. लेख संपला, तो किती शब्दांचा झाला हे मोजायची गरज नाही.

उत्तर आधी आणि खुलासा नंतर, हा क्रम मी हट्टानं पाळायला लावते. लोक पडद्यावर ओळ न् ओळ वाचत नाहीत. लोक वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सन यांच्या संस्थेनं २००६ मध्ये वाचकांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचून पुढे नजर डाव्या कडेनं खाली घसरते, असं दिसलं. म्हणून वजनदार गोष्ट वर, परिच्छेद छोटे, आणि उपशीर्षकं नुसती वाचली तरी मुद्दा कळेल अशी.

आता पैशांचा प्रश्न. यावर लिहायला बहुतेक जण कचरतात: स्पर्धकाला कळेल, गिऱ्हाईक बिचकेल. स्पर्धकाला तुमचे दर आधीच ठाऊक असतात हो! आणि आकडा बघून जे बिचकणार ते कोटेशन बघूनही बिचकणारच होते, फक्त तोवर तुमची एक चक्कर वाया गेलेली असते. अमेरिकेत व्हर्जिनियात पोहण्याचे तलाव बसवून देणारी रिव्हर पूल्स अँड स्पाज नावाची कंपनी २००८ च्या मंदीत बुडायच्या बेतात होती. तिच्या मालकांपैकी एक, मार्कस शेरिडन, यांनी गिऱ्हाइकांचे प्रश्न एकेक करून साइटवर घ्यायला सुरुवात केली. फायबरग्लासच्या तलावाला खर्च किती येतो, हा त्यांचा लेख सगळ्यात गाजला, आणि फायबरग्लासचे तोटे काय यावरही त्यांनी लिहिलं. स्वतः तेच विकत असून! कंपनी तरली, आणि हा किस्सा या क्षेत्रात अजून सांगितला जातो.

तुम्हाला दरपत्रक छापायला कुणी सांगत नाही. किंमत कशानं चढते-उतरते ते मांडा: लाकडाची जात, भरीव की प्लायवूडवर व्हिनियर, सांधे खाचेत बसवलेले की नुसते स्क्रूवर, पॉलिशचे हात किती, बिजागऱ्या आणि चॅनल कुठल्या दर्जाचे, वाहतूक आणि जोडणी धरून की वेगळी. त्यावर एक ढोबळ पल्ला द्या. आणि जमलं तर 'ऑर्डरचं फर्निचर कुणी घेऊ नये' असाही एक लेख लिहा. सतत घर बदलणाऱ्याला जड भरीव कपाट तुम्ही स्वतःच नको म्हणता ना? तेच लिहायचं. असा लेख वाचून आलेला माणूस घासाघीस कमी करतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

'कुणी वाचत नाही' या तक्रारीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. छोट्या व्यवसायाच्या ब्लॉगला पहिला वाचक सर्च इंजिन आणून देत नाही. त्यानं आधीच तुम्हाला फोन केलेला असतो. चौकशी आली की 'मी माप घ्यायला येण्याआधी हे एवढं वाचून ठेवा' म्हणून किमतीच्या लेखाची लिंक पाठवा. डिलिव्हरी झाली की निगा राखण्याच्या लेखाची. आठवडाभरात पाच जणांनी वाचला आणि त्यातले दोघं ऑर्डर द्यायचं ठरवूनच बोलायला आले, तर त्या लेखानं काम केलं. गुगलवरची गर्दी यायला काही महिने लागू शकतात, तोवर लेख बसून का राहावा?

तांत्रिक बाजू भराभर सांगते, कारण लोक अडकून पडतात ती इथेच, आणि तेवढं मोल तिला नाही.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावरून घेतलेलं हवं. माझ्या ओळखीतल्या एका व्यावसायिकाचं डोमेन त्याच्या वेब डिझायनरनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पुढे दोघांचं फाटलं आणि साइट अडकली ती अडकलीच. ब्लॉग त्याच डोमेनवर ठेवा, निव्वळ दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर नको. ब्लॉग वाचण्यासाठीचं गुगल रीडर २०१३ मध्ये आणि सर्वसामान्यांसाठीचं गुगल प्लस हे सोशल नेटवर्क २०१९ मध्ये बंद झालं, म्हणजे मोठ्यांची दुकानंही उठतात. साइट चालवायला वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर अपडेट, बॅकअप आणि बरा पासवर्ड एवढं सांभाळा आणि प्लगइनची, म्हणजे वरून जोडायच्या सोयींची, खोगीरभरती टाळा.

परमालिंक, म्हणजे प्रत्येक लेखाची कायमची लिंक, मात्र सुरुवातीलाच नीट लावा. मराठी शीर्षकावरून आपोआप तयार झालेली देवनागरी लिंक कॉपी करून पाठवली की पुष्कळदा टक्केचिन्हांची आणि अक्षर-आकड्यांची हातभर शेपटी बनते, आणि ती बघून लोकांना व्हायरसची शंका येते. लिंकपुरते दोन-तीन रोमन शब्द हातानं टाका. लिंकमध्ये तारीख घालू नका. नंतर लिंक बदलावीच लागली तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट द्या, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या लिंकवर पोचतो.

फोटो स्वतःचेच. गुगलवरून उचललेला फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरातला फोटो टाकायचा तर त्याची परवानगी लेखी घ्या, एक मेसेज पुरतो. फोनमधला पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. बाराशे पिक्सेल रुंदी आणि दीड-दोनशे केबी पुष्कळ झालं. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गुगलची अपेक्षा आहे, आणि जड फोटो हेच ती चुकण्याचं नेहमीचं कारण असतं. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी, भरत बसू नका. क्रमवारीसाठी ते बघत नाही, असं गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी अजून काही जण त्याचे पैसे लावतात.

गुगलचं सर्च कन्सोल हे साधन मात्र जोडाच, ते फुकट आहे. लोक काय टाइप केल्यावर तुमचं पान समोर येतं ते तिथे दिसतं, मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचं. इम्प्रेशन्स (पान शोधात किती वेळा दिसलं ते) भरपूर आणि क्लिक नगण्य, असं पान सापडलं की आधी शीर्षक बदलून बघा. पान दहाव्या-पंधराव्या जागी रेंगाळत असेल तर लेखात काहीतरी राहिलंय. त्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लेखात खरंच आहे का, तपासा. नवा लेख लिहिण्यापेक्षा ही डागडुजी जास्त फळते, असा माझा अनुभव आहे.

आता एजन्सी. महिन्याला तीस लेख लिहिण्याएवढं तुमच्या धंद्याबद्दल त्यांना काय माहीत आहे? काहीच नाही, म्हणजे लेख एआयकडून किंवा चार साइट्स चाळून येणार. एआयनं लिहिलं म्हणून गुगल शिक्षा करत नाही. पण केवळ क्रमवारी मिळवण्यासाठी घाऊक पानं पाडणं मार्च २०२४ पासून त्यांच्या स्पॅमच्या धोरणात स्पष्टपणे बसतं, मग ती माणसानं पाडलेली असोत की यंत्रानं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी लेखाचा दर्जा जोखण्याच्या निकषांत प्रत्यक्ष अनुभव हा मुद्दा घातला. रंधा हातात धरलेला माणूस तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. एआय वापरायचंच तर तुमचा व्हॉइस मेसेज उतरवून घ्यायला आणि शुद्धलेखन तपासायला वापरा. एजन्सीला काम द्यायचंच असेल तर मुलाखत घेऊन लेख लिहिणारा माणूस मागा: महिन्यातून एकदा तासभर तुमच्याशी बोलेल आणि दोन लेख देईल असा. स्वतः लिहिणार असाल तर महिन्याला एकही पुरे, फक्त मध्येच दमून वर्षभर सुनसान नको. शेवटची पोस्ट फार जुनी दिसली की धंदा चालू आहे ना, अशीच शंका येते.

राहिले ते 'महत्त्व' आणि 'भूमिका'वाले जुने लेख. सर्च कन्सोल जोडून दोन-तीन महिने थांबा. ज्याला इम्प्रेशन्सच नाहीत तो खुशाल काढून टाका. ज्याला थोडी आहेत, त्याची लिंक तीच ठेवून आतला मजकूर एखाद्या खऱ्या प्रश्नावर नव्यानं लिहा. 'गुणवत्ता हीच आमची ओळख' मात्र आजच काढलात तरी चालेल.