२२ गेजच्या जीआय पेटीला एसएसचे सेल्फ टॅपिंग स्क्रू कोणते घ्यावेत?

दादा, तुम्ही विचारलंय की दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत बोअरच्या स्टार्टरसाठी २२ गेज जीआय (झिंक चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची पेटी बनवतोय, आधीच्या पेटीचे 'स्टीलचे' स्क्रू दोन पावसाळ्यात गंजले आणि निम्मे नुसते जागच्या जागी फिरत होते, तर आता एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) सेल्फ टॅपिंग, म्हणजे स्वतःच पत्र्यात आटे पाडत जाणारे, कुठले घेऊ. मी अंबड एमआयडीसीत पत्र्याच्या कामातच आहे, पॅनलच्या पेट्या, कव्हर, डक्ट असलं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गंजणं आणि फिरणं या दोन वेगळ्या भानगडी आहेत हे आधी लक्षात घ्या. चांगला एसएस घेतला तर गंज थांबेल पण फिरायचं थांबणार नाही, उलट एसएस नरम असतो त्यामुळे चुकीच्या भोकात घातला तर वाढेलच.

पहिलं गंजाचं बोलू. घरात आपण स्टीलचं भांडं म्हणतो तेव्हा ते स्टेनलेसच असतं, पण हार्डवेअरच्या दुकानात 'स्टीलचे स्क्रू द्या' म्हटलं की चकाकणारा काहीही मिळतो, बहुतेक वेळा साध्या लोखंडावर झिंक प्लेटिंग. तुमचे जुने तेच असणार. त्यात बागेत बोर्डोची फवारणी, मोरचूद म्हणजे तांबं आलंच, ते पाणी झिंकवर आणि लोखंडावर उडालं की तांबं तिथे बसतं आणि खालचा धातू खायला लागतं. प्लेटिंग मायक्रॉनमध्ये असतं, ते किती टिकणार.

एसएसमध्ये तुम्हाला तीन नाव ऐकू येतील. ४१० म्हणजे क्रोमियम साधारण १२ टक्के, निकेल जवळपास नाहीच, पण हीट ट्रीटमेंटने कडक करता येतो म्हणून टोकाला ड्रिल असलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बहुतेक ४१० चे असतात. चुंबक घट्ट पकडतो. उघड्यावर, बागेत, फवारणीत ४१० वर तांबूस डाग येतात, म्हणून बाहेरच्या पेटीला मी लावत नाही. ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, पाकिटावर ए२ लिहिलेलं असतं, तुम्हाला हाच हवाय. ३१६ म्हणजे ए४, त्यात मॉलिब्डेनम असतं, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेला ते लागतं, आम्ही कोकणात माल पाठवताना लावतो, नाशिकला त्याचे जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. २०२ नावाचा पण एक स्वस्त प्रकार बाजारात फिरतो, त्यात निकेल कमी करून मँगनीज टाकलेलं असतं, तो पण चुंबकाला चिकटत नाही त्यामुळे चुंबक लावून ३०४ की २०२ हे कळणार नाही, चुंबकाने फक्त ४१० आणि साधं लोखंड बाजूला काढता येतं. आणि ३०४ चा स्क्रू थंड ठोकून बनवतात म्हणून हलकासा ओढला गेला तर घाबरू नका, खटकन चिकटला तर मात्र परत द्या.

आता खरा मुद्दा, फिरण्याचा. २२ गेज म्हणजे ०.७ मिमी. तुम्ही नेहमी जो ८ नंबर वापरता तो ४.२ मिमीचा, त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर १.४ मिमी. म्हणजे पत्रा एका आट्याच्या निम्म्याच जाडीचा! मग स्क्रू धरणार कशाला? एका आट्याची धार पत्र्याच्या कडेला अडकते, बास, तेवढ्यावरच सगळं चाललंय. जास्त पिळलं की ती कड वर उचलली जाते, स्क्रू काढून बघा, भोकाभोवती ज्वालामुखीच्या तोंडासारखा फुगलेला कडा दिसेल, तो दिसला की समजायचं आटे गेले.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय स्क्रूत नाही, पत्र्यात आहे. जिथे स्क्रू येणार ती कड दुमडून घ्या. दोन पदर झाले की १.४ मिमी, म्हणजे पूर्ण एक आटा पकडतो आणि पेटीची कड हाताला कापत पण नाही. बेंडिंग करून देणाऱ्याला सांगितलं की तो करून देतो, फक्त मापात तेवढा पत्रा आधीच जास्त धरा.

भोकाचं माप: ८ नंबरला एका पदरात ३ मिमी, दुमडलेल्या दोन पदरात ३.२. गावाकडं एक सुती म्हणजे १/८ इंची बिट सगळ्यांकडं असतो तो ३.१७ मिमीचा, दुमडलेल्या कडेला चालेल, एकेरी पत्र्याला ढिला पडतो, त्यात हाताच्या ड्रिलने भोक थोडं लांबट होतंच. सेंटर पंच मारून मगच बिट टेकवा. आणि ही चूक जवळपास सगळे करतात, मी पण पहिली दोन वर्षं केली, ती म्हणजे वरच्या आणि खालच्या पत्र्याला एकत्र धरून एकच ३ मिमीचं भोक पाडणं. तसं केलं की वरचा पत्रा पण आट्यात अडकतो, मधे फट राहते आणि कितीही आवळा ती जात नाही, मग माणूस अजून आवळतो आणि आटे घालवतो. वरच्या पत्र्याचं भोक ४.५ मिमी पाहिजे, स्क्रू त्यातून मोकळा आत गेला पाहिजे, पकडायचं काम फक्त खालच्याचं. मागची बर, म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेली धार, कानशीने किंवा मोठ्या बिटने हाताने काढा.

बसवताना डिसमिसच वापरा. बॅटरी ड्रिलच वापरणार असाल तर क्लच (पिळायचा जोर ठरवणारी कडी) सगळ्यात कमीवर आणि हळू, कारण ३०४ गरम झाला की पकडून बसतो आणि मुंडकं तुटून हातात येतं. टोकाला साबण किंवा मेणबत्तीचं मेण घासलं की लोण्यासारखा जातो. जुन्या भोकात परत बसवताना आधी उलटा फिरवा, आटा जागेवर उतरला की बोटाला टक् असं जाणवतं, मग सुलटा फिरवा, म्हणजे नवा आटा पडत नाही. आधीच गेलेल्या भोकात लांब स्क्रू घालून काही होत नाही, १० नंबर घाला नाहीतर इंचभर बाजूला नवीन भोक पाडा.

लांबी अर्धा इंच पुरे. पाऊण किंवा इंची घेऊ नका, आत स्टार्टरच्या केबल आहेत आणि स्क्रूचं टोक सुईसारखं असतं. एका गिऱ्हाईकाच्या पेटीत मी स्वतः टोकाने सोललेली वायर बघितलीय, मोटार चालू झाली की थरथरून घासत होती. टोक केबलच्या बाजूला येत असेल तर स्क्रूची जागा बदला.

मुंडकं पॅन हेड म्हणजे खालून सपाट घ्या, सीएसके म्हणजे पत्र्यात बुडणारं घेऊ नका, पातळ पत्र्यात त्याचा खड्डा बसत नाही. पेटीच्या छपराला स्क्रूखाली रबराचं वायसर टाका, पाणी पण थांबतं आणि एसएस व जीआय मधली ओल पण. तसं जीआयच्या मोठ्या पत्र्यात एसएसचा छोटा स्क्रू चालतो, झिंक लगेच संपत नाही. उलटं मात्र करू नका, एसएसच्या पत्र्यात जीआयचा स्क्रू लवकर खाल्ला जातो.

नवीन एसएसच्या मुंडक्यावर आठवड्यातच लाल ठिपके आले तर दुकानदाराशी भांडायच्या आधी आठवून बघा, जवळ ग्राइंडर चालवला होता का. लोखंडाचा बुरा उडून त्यावर बसतो आणि तो गंजतो. डिसमिसच्या लोखंडी टोकाने फुलीत पण तसाच डाग येतो. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने निघाला तर स्क्रू ठीक आहे.

दाराला मात्र सेल्फ टॅपिंग लावूच नका. दार तुम्ही सीझनला पन्नास वेळा उघडणार, चार-पाच वेळातच पत्र्यातली पकड संपते. तिथे रिवनट, म्हणजे रिव्हेटसारखा पत्र्यात पक्का बसणारा नट, बसवा, एम५ चा (५ मिमी स्क्रूचा), आणि एसएसचा मशीन स्क्रू. हातातलं रिवनट टूल विकत घ्यायचं नसेल तर बेंडिंगवालाच बसवून देईल. अर्थिंगची वायर पण सेल्फ टॅपिंगखाली दाबू नका, तिथे आरपार बोल्ट, नट आणि दातेरी वायसर पाहिजे, रंग मारला असेल तर तेवढी जागा खरवडून.

दुकानात मागताना असं सांगा: ८ नंबर, अर्धा इंच, पॅन फिलिप्स, एसएस ३०४, सेल्फ टॅपिंग, ड्रिल पॉइंट नको. शेवटचे शब्द आवर्जून बोला, नाहीतर ४१० चे हातात पडतील, आणि जाताना खिशात चुंबक ठेवा.