लाल लाईट लागते, पण पोर्ट दिसंना!

शिमगा जवळ आला की माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येतात, एक लग्नाच्या पत्रिका अन् दुसरं "सर बोर्डात प्रोग्राम अपलोड होईना, परवा सबमिशन आहे". परभणीत दुकान टाकल्यापासून दरवर्षीचंच आहे हे. मग म्हटलं सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा ईएसपी३२, आर्डुइनो असल्या प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या बोर्डांचे निवडक प्रश्न घेऊन एकदाच लिहावं. एक विनंती मात्र आधीच करतो, नुसतं "चालना झालंय" एवढंच लिहू नका राव. बोर्ड कोणता, कॉम्प्युटरवर विंडोज का लिनक्स, अन् खाली लाल अक्षरात जे काय येतं ते जसंच्या तसं पाठवा. अन् त्या लाल अक्षरातली शेवटची ओळ नाही तर पहिली ओळ बघत जा, खरं दुखणं बहुतेक वेळा वरच असतं.

सेलूहून डिप्लोमाचा विद्यार्थी: सर, ईएसपी३२ बोर्ड ऑनलाइन मागवला. लॅपटॉपला लावला की लाल लाईट लागते पण आर्डुइनो आयडीईमधे (प्रोग्राम लिहून बोर्डात पाठवायचं सॉफ्टवेअर) पोर्टच, म्हणजे बोर्डाशी बोलायची वाटच, येत नाही. आयडीई तीनदा काढून परत टाकली. बोर्ड खराब निघाला का? रिटर्नची मुदत उद्या संपते.

रिटर्न करायची घाई नको. आधी मला सांग, केबल कोणती लावलीस? घरातल्या चार्जरची असंल तर तिथंच घोळ आहे.

त्याचं असं आहे, साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात, लाल अन् काळी करंटची, हिरवी अन् पांढरी डेटाची. स्वस्तातल्या चार्जिंग केबलीत डेटाच्या दोन तारा टाकतच नाहीत. लाल-काळीवर बोर्डाला पाच व्होल्ट मिळतात म्हणून लाईट लागते, आपल्याला वाटतं जोडलं गेलं, पण कॉम्प्युटरला पलीकडं कोण आहे याचा पत्ताच नसतो. मागं दोन पोरं बोर्ड "जळाला" म्हणून माझ्याकडं घेऊन आली, मी त्यांच्यासमोर काउंटरवरच कटरनं त्यांची केबल सोलली, आत लाल, काळी अन् जाडी भरायला नुसता पांढरा दोरा! पोरं तोंडाकडं बघत राहिली. केबल कापायची गरज नाही पण, त्याच केबलनं मोबाईल लॅपटॉपला लाव, फाईल ट्रान्सफरचा पर्याय आलाच नाही तर केबल फेक.

केबल बरोबर निघाली तर पुढचं बघ. विंडोजमधे डिव्हाइस मॅनेजर उघडून समोर ठेव अन् बोर्ड काढ-घाल कर. काहीच हाललं नाही तर केबल नाहीतर सॉकेट खराब. यादी हालली पण पिवळं चिन्ह आलं तर केबल ठीक आहे, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला बोर्डाची चिप ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) नाही. पोर्ट्सखाली कॉम ४, कॉम ७ असं काही उगवलं तर सगळं ठीक, आयडीईमधे तोच नंबर निवड. कॉम १ दिसतो म्हणून लई जण त्याच्यावरच अपलोड मारत बसतात, तो बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा स्वतःचा असतो, बोर्डाचा नाही. अन् बोर्ड दुसऱ्या सॉकेटात घातला की नंबर बदलू शकतो, त्याला घाबरायचं नाही.

ड्रायव्हर कोणता टाकायचा हे बोर्डच सांगतो. यूएसबीच्या तोंडाजवळ एक छोटी काळी चिप असते, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून वाच. सीएच३४० असंल तर डब्ल्यूसीएच कंपनीच्या साईटवरून, सीपी२१०२ असंल तर सिलिकॉन लॅब्सच्या. "फ्री ड्रायव्हर डाऊनलोड" म्हणून जे वर वर येतं त्यावर क्लिक केलंस तर ड्रायव्हर सोडून बाकी सगळं येईल. आणि आयडीई परत परत टाकून याच्यात काहीच फरक पडत नसतो बाबा, पोर्ट दाखवायचं काम विंडोजचं आहे, आयडीई फक्त यादी वाचते.

नांदेडहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी: पोर्ट येतो, कोड कंपाईल होतो, मग 'कनेक्टिंग' लिहून नुसते ठिपके ठिपके येत राहतात अन् 'फेल्ड टू कनेक्ट' म्हणून थांबतं. कधीकधी पाचव्या वेळेला जातं पण. मैत्रिणीचा सेम बोर्ड पहिल्या झटक्यात घेतो.

पाचव्या वेळेला जातं हे सांगितलं ते बरं केलं, म्हणजे केबल, ड्रायव्हर, पोर्ट सगळं ठीक आहे, राहिला बूट मोड.

ईएसपी३२ चालू होताना मुख्य एक गोष्ट बघतो, जीपीआयओ शून्य ही पिन वर आहे का खाली, म्हणजे तिच्यावर ३.३ व्होल्ट आहेत का शून्य. वर असंल तर आतला जुना प्रोग्राम चालवतो, खाली असंल तर नवीन प्रोग्राम घ्यायला बसतो. हे काम अपलोडच्या वेळी कॉम्प्युटर डीटीआर अन् आरटीएस या दोन लाईन्स हालवून आपोआप करतो, बोर्डावर त्यासाठी दोन ट्रान्झिस्टर असतात. पण रिसेट सुटायच्या क्षणाला पिन शून्य खाली असायला पाहिजे, काही बोर्डांवर तेवढं टायमिंग जुळत नाही. तुझा जुळत नाही, मैत्रिणीचा जुळतो, एवढंच.

आजचा उपाय: ठिपके सुरू झाले की बोर्डावरचं बूट बटण दाबून धर, टक्के दिसायला लागले की सोड. कायमचा उपाय: ईएन (रिसेटची) पिन अन् ग्राउंडच्या (शून्य व्होल्टची पिन) मधे १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, प्लस बाजू ईएनला. त्यानं रिसेट जरा सावकाश सुटतो, तोवर शून्य नंबरची पिन खाली गेलेली असते. मोंढ्याजवळच्या कुठल्याबी रेडिओ-टीव्हीवाल्याकडं चार-दोन रुपयांत मिळंल.

पण थांब, तू लिहिलंस की ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी) जमिनीच्या ओलाव्याचा सेन्सर अन् रिले (विजेवर चालणारा स्विच) लावलेलाय. कोणत्या पिनांवर ते लिहिलं नाहीस. ०, २ अन् १२ या पिनांवर काही असंल तर काढ. २ नंबर बाहेरून वर ओढली गेली तर डाऊनलोड मोडच (नवा प्रोग्राम घ्यायची अवस्था) येत नाही. १२ नंबरचं तर आणखी वेगळं नाटक, चालू होताना ती वर दिसली की चिप समजते आतली फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे, असते ती ३.३ ची, मग बोर्ड उठतच नाही, नुसता रिसेट होत राहतो. पोरं कोड तपासत रात्र काढतात अन् चूक निघते एका तारेत. मी तर सांगतो अपलोड करताना बोर्ड ब्रेडबोर्डवरून उपटून उघडाच लावायचा, तसा गेला तर चूक तुमच्या वायरिंगची.

अपलोड झाल्यावर सिरियल मॉनिटरमधे (आयडीईतली बोर्डाचे मेसेज दाखवणारी खिडकी) चिनी-जपानी दिसलं तर बॉड रेट (बोलायचा स्पीड) ११५२०० करून बघ. आणि 'ब्राउनआउट डिटेक्टर' असं आलं तर वायफाय चालू होताना करंट कमी पडतोय. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना क्षणभर पाव अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यात तू रिले पण त्याच केबलवर टाकलास, लॅपटॉपचं जुनं यूएसबी पोर्ट देणार ५०० मिलिअँपिअर, ते पण केबल चांगली असंल तर.

केजहून शेतकरी: पोराकडून शिकून आर्डुइनो नॅनोवर मोटर चालू-बंदचं केलंय, जीएसएम मॉड्यूल (सिमकार्डवालं) लावलंय, मिस कॉलवर मोटर चालू व्हावी. आधी चालायचं, आता 'नॉट इन सिंक' दहा वेळा येतं अन् थांबतं.

काका, आधी रामराम, अन् कौतुक. रात्रीच्या लाईटीसाठी थंडीत उठून विहिरीवर जायचं वाचवायला केलेलं प्रोजेक्ट मला कॉलेजच्या शंभर प्रोजेक्टांपेक्षा भारी वाटतं.

जीएसएमच्या तारा ० अन् १ नंबरच्या पिनवर लावल्यात का? मला तर वाटतंय लावल्यातच. नॅनो कॉम्प्युटरशी बोलतो ते त्याच दोन पिनांवरून. तिथं मॉड्यूल बसलं की एका फोनवर तीन माणसं एकदम बोलल्यावानी होतं. अपलोड करताना त्या दोन तारा काढा, झालं की लावा. रोज काढ-घाल नको असंल तर ७ अन् ८ वर न्या अन् कोडमधे 'सॉफ्टवेअर सिरियल' ही लायब्ररी वापरा.

तारा काढूनबी तेच येत असंल तर टूल्समधे प्रोसेसरच्या खाली 'ओल्ड बूटलोडर' निवडून बघा. बूटलोडर म्हणजे बोर्डातला नवा प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम. जुना बूटलोडर ५७६०० च्या स्पीडला बोलतो, नवा ११५२०० ला. बाजारातले बरेच स्वस्त नॅनो अजून जुन्यावरच येतात. पोरानं आयडीई नवीन टाकली असंल किंवा बोर्ड बदलला असंल तर "आधी चालायचं" याचं कारण तेच.

अन् मॉड्यूल सिम८००एल असंल तर त्याला नॅनोच्या पाच व्होल्टवर जगवू नका. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच पाहिजे, अन् रेंज पकडताना दोन अँपिअरपर्यंत झटका मारतं. वेगळी सप्लाय द्या, ग्राउंड मात्र दोघांचं एकच ठेवा.

अंबाजोगाईहून शिक्षिका: शाळेच्या लॅबमधे उबंटू (लिनक्स) आहे. एका कॉम्प्युटरवर 'परमिशन डिनाईड' येतं, दुसऱ्यावर पोर्ट क्षणभर दिसतो अन् गायब होतो.

मॅडम, पहिल्याचं सोपंय, ज्या युजरनं लॉगिन करता त्याला डायलआउट ग्रुपमधे (पोर्ट वापरायची परवानगी असलेला गट) घालायचं, अन् मग लॉगआउट करून परत यायचं, ते केल्याशिवाय लागू होत नाही (इथं निम्मे लोक अडकतात). सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं) आयडीई चालवू नका, मग पुढं फायलींच्या मालकीचा नवा घोळ.

दुसऱ्यावर उबंटू २२.०४ अन् बोर्डावर सीएच३४० असणार. त्यात बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम असतो, अंध लोकांच्या ब्रेल यंत्रांसाठीचा. त्याला सीएच३४० चा ओळख नंबर ब्रेल यंत्राचा वाटतो अन् तो पोर्ट पळवतो. लॅबमधे कुणी ब्रेल यंत्र वापरत नसंल तर काढून टाका. वापरत असंल तर काढू नका, त्या मुलांसाठी तेच महत्त्वाचं, सीपी२१०२ चिपवाला बोर्ड घ्या.

लातूरहून: रास्पबेरी पाय पिको बोर्डावर फाईल टाकली की ड्राईव्हच गायब होतो. पेनड्राईव्हसारखा करप्ट झाला का?

नाही, तसंच व्हायला पाहिजे. बूटसेल बटण दाबून लावला की ड्राईव्ह दिसतो, यूएफ२ फाईल (पिकोच्या प्रोग्रामची) टाकली की बोर्ड स्वतःच रिसेट होऊन प्रोग्राम चालू करतो. गायब नाही झाला तर काळजी करा.

घनसावंगीहून: बाजारातला वायफाय स्विच उघडून त्यात स्वतःचा प्रोग्राम टाकायचाय. आत सिरियलच्या (प्रोग्राम टाकायच्या) पिना दिसतात. स्विच लाईटीवर चालू ठेवूनच लॅपटॉप लावला तर चालंल का? म्हणजे लगेच टेस्ट पण होईल.

नाही. नाही म्हणजे नाहीच, हे उत्तर घरात मोठ्यांना पण वाचून दाखव.

असल्या स्विचमधे बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरची आडकाठी नसते, म्हणजे आतल्या बोर्डाचं ग्राउंड थेट लाईटीच्या एका तारेला जोडलेलं असतं. ती तार न्यूट्रल आहे असं आपण धरून चालतो, पण खेड्यातल्या वायरिंगमधे फेज-न्यूट्रल उलटसुलट असणं नवीन नाही, अन् दोन पिनांची टोपी तर कशीही घुसते. तू लॅपटॉपचं ग्राउंड तिथं जोडलंस की लॅपटॉपच्या यूएसबीचा पत्रा २३० व्होल्टवर. माझ्या ओळखीतल्या एकानं हेच केलं, लॅपटॉप गेला, माणूस वाचला तो पायात रबरी चप्पल अन् नशीब म्हणून.

बरोबर पद्धत अशी: स्विच भिंतीवरून पूर्ण काढ, सगळ्या तारा सुट्या कर. यूएसबी टू सिरियल अडॅप्टर घे, त्यावरचा जंपर ३.३ वर ठेव, पाचवर नाही. ३.३ ला ३.३, ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स (पाठवायची पिन) तिकडच्या आरएक्सला (घ्यायची पिन) अन् आरएक्स तिकडच्या टीएक्सला. आत ईएसपी८२६६ असंल अन् बटण शून्य नंबरच्या पिनवर असंल तर ते दाबून धरूनच यूएसबी लाव. प्रोग्राम गेला की सगळ्या तारा काढ, डबा बंद कर, मगच लाईट. चालू असताना आत काय चाललंय ते बघायचंय तर प्रोग्राममधून वायफायवर पाठव, तारेनं नाही. तीन फेजच्या स्टार्टरच्या डब्यात तर ४१५ व्होल्ट खेळत असतात, तिथं फ्यूज काढून ठेवल्याशिवाय लॅपटॉप बाजूलाबी ठेवू नको.

हिंगोलीहून: आखाडा (शेतातलं घर) गावापासून चार किलोमीटर. कोडमधे एक आकडा बदलायचा तरी लॅपटॉप गाडीवर बांधून न्यावा लागतो. ईएसपी३२ ला वायरशिवाय अपलोड होतं म्हणतात, खरंय का? अन् मधेच लाईट गेली तर?

खरंय, ओटीए (ओव्हर द एअर) म्हणतात त्याला. पण पहिल्यांदा केबलनंच टाकावं लागतं, अन् नंतरच्या प्रत्येक प्रोग्राममधे ओटीएचा भाग ठेवावा लागतो. एकदा विसरलात की परत केबल. लूपमधे दहा-दहा सेकंदांचे डिले टाकले तरी अपलोड लागत नाही, कारण बोर्ड झोपलेला असतो, हाक कोण ऐकणार.

मधेच लाईट गेली तरी काही बिघडत नाही, हे याचं सगळ्यात छान काम आहे. मेमरीत प्रोग्रामसाठी दोन खण असतात, चालू प्रोग्राम एकात, नवा दुसऱ्यात उतरतो, पूर्ण उतरून तपासून झाला तरच बोर्ड तिकडं जातो. अर्धवट राहिला तर जुनाच चालू. दोन खणांमुळं जागा मात्र वाटली जाते, ४ एमबीच्या बोर्डावर एका प्रोग्रामला १३१०७२० बाईट. त्याच्यावर गेलात तर पार्टिशन स्कीममधे 'मिनिमल स्पिफ्स' घ्या, १.९ एमबी मिळतील. 'ह्यूज ॲप' घेऊ नका, त्यात दुसरा खणच नाही.

बोर्ड अन् लॅपटॉप एकाच वायफायवर पाहिजेत, म्हणजे ही सोय घरी बसून नाही, आखाड्यावर जावं लागंलच, फक्त डबा उघडायचं वाचतं. मोबाईलचा हॉटस्पॉट वापरत असाल तर तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ चा ईएसपी३२ ला दिसतच नाही.

अन् नव्या प्रोग्रामातच चूक असली, चालू झाला की लगेच अडकतोय, तर ओटीए पण अडकतं. त्यासाठी चार तारांची एक चांगली केबल आखाड्यावरच ठेवा, कॅरीबॅगमधे गुंडाळून आढ्याला टांगा, खाली ठेवली की उंदीर कुरतडतात.