ताईंना विचारा: मंगळावर भाकर नेऊ की मिरची?

प्रश्न: ताई, मी दहावीत आहे. नंदुरबारजवळ आमची मिरचीची शेती आहे. मंगळावर जाऊन यायला जवळपास तीन वर्षं लागतील असं सरांनी सांगितलं. एवढे दिवस ती माणसं खाणार काय? आपलं भरीत आणि कळण्याची भाकर चालेल का? घरी विचारलं तर सगळे हसले.

उत्तर: हसू दे बेटा. भाकरीचं मात्र जमणार नाही. ज्वारी-उडदाची भाकर दुसऱ्या दिवशी मोडली की ताटात चुरा पडतो. यानात तो पडतच नाही, तरंगतो. डोळ्यांत जातो, नाहीतर हवेच्या जाळीत अडकतो. १९६५ साली जेमिनी-३ यानात जॉन यंग यांनी खिशातून गुपचूप सँडविच नेलं होतं. दोन घास होत नाहीत तोच चुरा उडू लागला आणि ते परत खिशात गेलं. पुढे १९८५ मध्ये मेक्सिकोचे अंतराळवीर रोडॉल्फो नेरी वेला यांनी टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या, नेले. मऊ, चुरा न होणारे. तेव्हापासून पावाची जागा त्यांनी घेतली ती घेतलीच.

भरीत जाईल. ओलं, चिकट, चमच्याला धरून राहणारं. पाकिटात भरून, उष्णता देऊन निर्जंतुक केलं की झालं. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं सुजीचा हलवा, आलू-छोले आणि पुलाव दिलाच होता. वर घातलेली कांद्याची हिरवी पात तेवढी विसरायची.

पण टिकणं म्हणजे पोसणं नव्हे. मंगळाच्या मोहिमेचं अन्न पाच वर्षं टिकावं असा नासाचा हिशेब आहे. तेवढ्या काळात पाकीट फुगलं नाही, वास आला नाही, तरी आतलं क जीवनसत्त्व आणि ब-१ घटत जातं. शिवाय वजनरहित अवस्थेत भार पेलणारी हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, म्हणून व्यायाम हवा, ड जीवनसत्त्व हवं आणि मिठावर लगाम हवा. आपल्या पापड-बिबड्यांना इथेही मज्जाव, चुऱ्यामुळे आणि मिठामुळेही!

आता तुझ्या कामाची गोष्ट. अंतराळ स्थानकात २०२१ मध्ये मिरची पिकवली गेली. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या हॅच मिरचीपासून तयार केलेलं वाण होतं. माती भाजलेल्या चिकणमातीच्या बारीक खड्यांची, ऊन एलईडी दिव्यांचं. बी रुजवल्यापासून साडेचार महिने लागले. मिरचीच का? क जीवनसत्त्व भरपूर, शिजवायची गरज नाही, आणि तिथे जीभ बोथट होते. शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं, नाक चोंदतं, जेवण अळणी लागतं. म्हणून अंतराळवीर तिखट सॉस मागून घेतात. नंदुरबारच्या पोरीला हे वेगळं काय सांगू!

माझं मत विचारशील तर ज्वारी इथूनच न्यावी. तिथे धान्य पिकवायला जागा लागते, मळणी-दळण लागतं, वर चूल. पोटाची भर डब्यातून, ताजेपणा कुंडीतून. पाण्याचीही काळजी नको: घाम आणि लघवी धरून स्थानकातलं ९८ टक्के पाणी परत वापरता येतं. तोंड वाकडं करू नकोस, शुद्ध होऊनच येतं ते.

प्रश्न: शुभांशू शुक्लांनी अंतराळात मेथी लावली म्हणे. भाजी करून खाल्ली का हो? (चोपड्याचे एक वाचक)

उत्तर: नाही भाऊ. जून-जुलै २०२५ च्या मोहिमेत त्यांनी मेथी आणि मुगाला बशीत मोड आणले. प्रयोग धारवाडच्या शास्त्रज्ञांचा. मोड आले की थेट फ्रीजरमध्ये, तपासणी पृथ्वीवर. खायला त्यांच्याकडे गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस होता.